अम्माऊसचं जेवण: एका नकलेच्या नोंदी

८ जून

नक्कल करायचं चित्र ठरलं. इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोचं ‘सपर अ‍ॅट एम्माउस’, साल १६०१, लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेलं. मूळ कॅनव्हास १४१ बाय १९६.२ सेंटिमीटर. मी निम्म्या मापावर करणार, ७० बाय ९८. गॅलरीच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा तुकड्यातुकड्यांनी छापून घेतली आहे. छपाईत सावल्या बुजतात, म्हणून स्क्रीनही शेजारी उघडी ठेवणार.

हेच का, तर त्याच्या चित्रांत हे मला सगळ्यात उघडंवाघडं वाटतं. चार माणसं, एक टेबल, एक भिंत. देवदूत नाहीत, ढग नाहीत, खांब-कमानी नाहीत. जे काही घडतं ते उजेडाने घडतं, आणि तो उजेड कसा बांधलाय ते मला हाताने शिकायचंय.

प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातला, अध्याय २४. येशूला क्रूसावर दिल्यानंतरचा तिसरा दिवस. दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे निघालेत, खचलेले. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत येतो, बोलत बोलत चालतो. गाव येतं, दिवस कलतो, ते त्याला आग्रहाने थांबवून घेतात. जेवायला बसल्यावर तो भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडून त्यांच्या हातात ठेवतो, आणि त्या क्षणी त्यांना ओळख पटते. लगेच तो दिसेनासा होतो. चित्रकाराच्या हाती उरतो तो ओळख पटणं आणि नाहीसं होणं यांच्यातला जेमतेम एक श्वास. तेवढ्यातच त्याने सगळं बसवलंय: एक जण खुर्चीतून उठायच्या बेतात, दुसऱ्याचे दोन्ही हात फाकलेले, आणि खाणावळवाला नुसता उभा.

११ जून

आखणी. कॅराव्हाज्जोचं म्हणून निर्विवाद मानलं गेलेलं एकही कागदावरचं रेखाटन आजवर हाती आलेलं नाही. त्याच्या बऱ्याच कॅनव्हासांवर तिरका उजेड टाकला की ओल्या थरात टोकदार वस्तूने ओढलेल्या खुणा दिसतात: इथे मान, इथे खांदा, इथे हाताची रेघ. मॉडेल उठून गेलं तर पुन्हा त्याच जागी बसवता यावं, इतपतच त्यांचं काम असावं.

मी चौकटी पाडून उतरवणं टाळलं. चार डोकी, सहा-सात हात, टेबलाची पुढची कड, टोपली, एवढ्याच खुणा पातळ अंबरने (मातकट तपकिरी रंगाने). जोखीम आहे, पण चौकटीतून उतरवलं की प्रत्येक इंचाला सारखं महत्त्व दिलं जातं, आणि हे चित्र तसं अजिबात नाही.

१४ जून

ग्राउंड. चित्राखालचा पायाचा थर. विकतच्या पांढऱ्या जेसोवर, म्हणजे कॅनव्हासच्या अस्तरावर, बर्न्ट अंबर, थोडा यलो ऑकर, चिमूटभर काळा, जवसाच्या तेलात कालवून पातळ थर. रंग लालसर तपकिरी. कॅराव्हाज्जोही रोममध्ये मातकट रंगांच्या गडद तेलग्राउंडवर काम करायचा, आणि ते तो सगळीकडे झाकत नसे.

निम्मं रहस्य इथेच आहे असं मला वाटतं. पांढऱ्या कॅनव्हासवर अंधार रंगवावा लागतो, थरावर थर चढवून. तपकिरी कॅनव्हासवर अंधार आधीच आहे. तुम्ही फक्त उजेड घालता, आणि कुठे घालायचा नाही ते ठरवता. त्याच्या झपाट्याचं कारणही यातच असणार. सावलीतल्या भागावर हात फिरवायला तो थांबतच नाही, तिथे ग्राउंड काम करत असतं.

पाऊस सुरू झाला. थर वाळायला वेळ लागणार. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, पंखा लावून पाणी उडवल्यासारखं ते उडत नाही.

२० जून

उजेडाची चाचणी. एका नाट्यसंस्थेकडून एक स्पॉट आणला, हॉलमध्ये टेबल, पांढरी चादर, मागे राखाडी भिंत. खिडक्यांना काळं कापड. शेजारचे काका खाणावळवाला झाले, त्यांची भाची शिष्य, मी मधोमध.

काका म्हणाले, “अगं, मी नेमकं करायचं काय?”

“काही नाही काका. टोपी घालून उभं राहायचं. समोर काय चाललंय ते तुम्हाला कळलेलं नाही.”

“ते जमेल,” काका म्हणाले.

दिवा डावीकडून, वरून. जुलिओ मान्चिनी या वैद्याने कॅराव्हाज्जोच्या मृत्यूनंतर दहाएक वर्षांत लिहून ठेवलंय की कॅराव्हाज्जो आणि त्याच्या अनुयायांच्या चित्रांत उजेड वरून एकाच ठिकाणाहून येतो, परावर्तन नाही, जणू काळ्या भिंतींच्या खोलीत एकच खिडकी असावी. पुढे बेल्लोरीनेही १६७२ मध्ये लिहिलेल्या कॅराव्हाज्जोच्या चरित्रात बंद खोली आणि उंचावरचा दिवा हेच सांगितलं. आणि १६०५ मध्ये रोममधल्या घरमालकिणीने थकलेल्या भाड्यासोबत फोडलेल्या छताबद्दलही त्याच्यावर दावा लावला होता. उजेड वरून यावा म्हणून छत उघडलं असावं असं काही अभ्यासक म्हणतात. घर या चित्रानंतरचं आहे, पण सवय कळते.

चाचणीत काय आढळलं: पांढरी चादर स्वतःच दिवा होते. तिच्यावरून उजेड उसळून हनुवटीखाली, नाकाखाली घुसतो आणि चेहरे पिठूळ होतात. मान्चिनी म्हणतो तसं ‘परावर्तन नाही’ हे टेबलावर पांढरं कापड असताना होणंच शक्य नाही. मूळ चित्रात मात्र ख्रिस्ताच्या मानेवरची सावली ठाम आहे. म्हणजे दिसलं ते सगळं त्याने उतरवलेलं नाही. ‘निसर्गाची हुबेहूब नक्कल करणारा’ अशी त्याची ख्याती, आणि इथे तो सरळ निवड करतोय.

दुसरं: काकांची सावली भिंतीवर माझ्या डोक्यामागे नेमकी आणायला दिवा जिथे ठेवावा लागला, तिथून टेबलावरच्या सावल्या चित्रासारख्या पडेनात. दिवा हलवला की टेबल जमतं, भिंत बिघडते. माझा अंदाज: माणसं त्याने वेगवेगळी बसवून रंगवली आणि उजेडाची एकवाक्यता कॅनव्हासवर जुळवली.

२१ जून

कालचे फोटो पाहिले. काकांचा चेहरा अप्रतिम. खरोखर काही कळलेलं नाही.

२८ जून

भिंत आणि ती सावली. ख्रिस्ताच्या डोक्यामागे भिंतीवर खाणावळवाल्याची गडद सावली पडलीय. पुष्कळ जण तिला उलटं तेजोवलय म्हणतात: ज्याला काही उमगलं नाही त्याच्याच अंगाने, नकळत, हे वलय काढलं. वाचायला छान आहे. पण ब्रश हातात असताना आधी दिसतो तो हिशेब. उजळ चेहरा पुढे यायला मागे गडद हवं. सोन्याची तबकडी काढायची नाही, पडदा लावायचा नाही, तर खोलीतच असलेल्या माणसाची सावली वापरायची. कारण खोलीतलं आणि काम चित्राचं. अर्थ मागून आला असेल किंवा सोबत आला असेल, पण ही युक्ती अर्थाशिवायही उभी राहते, म्हणून मला ती जास्त आवडते.

भिंतीचा रंग: अंबर, पांढरा, किंचित काळा. ग्राउंड जागोजागी दिसू दिलं. सावलीची कड बोटाने पुसली. दुरून पडलेल्या सावलीची कड धारदार नसते.

९ जुलै

डावीकडचा शिष्य. आपल्याकडे पाठ, हिरवट अंगरखा, हात खुर्चीच्या हातांवर. लूकने दोघांतल्या एकाचंच नाव दिलंय, क्लयपा. तो या दोघांतला कोणता यावर एकमत नाही. कोपरावर अंगरखा फाटलाय आणि आतलं पांढरं डोकावतं.

ते फाटकं कोपर किती महत्त्वाचं आहे हे रंगवायला घेतल्यावरच कळतं. माणूस पाठमोरा असल्याने त्याचं आश्चर्य चेहऱ्यावरून फारसं सांगता येत नाही, ते कोपर सांगतं. खुर्ची मागे रेटताना ते बाहेर येतं, आणि नेमक्या त्याच टोकावर पांढरा ठिपका. नजर तिथे अडखळते. बेल्लोरीला या शिष्यांचा गावंढळपणा खटकला होता. मला वाटतं, नवा अंगरखा घातला असता तर हा माणूस उठलाच नसता.

हिरव्यासाठी व्हिरिडियन आणि अंबर. घड्या अगदी कमी: खांद्यावर एक उजळ पट्टा, बाकी जवळजवळ सपाट.

१९ जुलै

उजवा शिष्य. या आठवड्यात दुसरं काही केलं नाही.

छातीवर शिंपला: तो स्पेनमधल्या सांतिआगोच्या यात्रेकरूंचं चिन्ह, म्हणजे येशूच्या काळाशी त्याचा काही संबंध नाही. पण १६०१ च्या रोममध्ये असे यात्रेकरू रस्त्यावर दिसत, आणि बघणाऱ्याला ‘हे वाटसरू आहेत’ हे एका ठिपक्यात कळे. शिंपला मी तीन फटकाऱ्यांत सोडला. मूळातही तो जवळून पाहिला तर फार कोरलेला नाही.

खरं काम हातांचं. डावा हात थेट आपल्या अंगावर येतो, उजवा पलीकडच्या अंधारात जातो. क्रूसावरच्या हातांची आठवण व्हावी असा पसारा. पुढच्या हाताचं फोरशॉर्टनिंग (आपल्याकडे येणारी वस्तू आखडून दाखवणं) रेषेने करायला गेलं की हात आखूड दिसतो, खरा वाटत नाही. मूळ चित्रात रेषा जवळपास नाहीच. बोटांची टोकं उजळ, तळव्याचा खळगा मध्यम, मनगट सावलीत, पुन्हा बाहीवर उजेडाची पट्टी, मग अंधार. उजेड-अंधार-उजेड असे आडवे पट्टे एकामागे एक लावले, की तळहाताएवढ्या जागेत अख्खा हात बसतो. डोळा प्रत्येक पट्टा थोडा मागे ढकलत जातो. हे समजून घ्यायला भाचीला हात पुढे करून बसवलं. ती बिचारी मोबाइल दुसऱ्या हातात धरून होती.

आता पलीकडचा हात. दूर असूनही तो जवळच्या हाताएवढाच मोठा आहे. दृष्टिक्रमाच्या हिशेबाने तो बराच लहान हवा होता. डेव्हिड हॉकनी या चित्रकाराने २००१ मध्ये मांडलेल्या तर्कात, जुने चित्रकार भिंग-आरशांनी प्रतिमा पाडून काम करत या म्हणण्याला, हा हातही पुरावा म्हणून आला होता: भिंग हलवून पुन्हा जुळवलं, म्हणून माप फिरलं. तर्क गमतीचा आहे, पण मला त्याची गरज वाटत नाही. मी तो हात मापाप्रमाणे लहान करून एका कागदावर रंगवून पाहिला. लगेच फाकलेले हात लुळे पडले, एक बाजू विझली. दोन्ही पंजे सारख्या जोराने बोलायला हवेत, म्हणून तो मोठा ठेवला असणार. दूरपण त्याने मापाने दाखवलंच नाही, कडांनी दाखवलं: जवळच्या पंजाच्या कडा धारदार, लांबच्याच्या सावलीत विरघळलेल्या. मी मूळचंच माप ठेवलं.

मला या चित्रात वारंवार हेच सापडतंय. लोक कॅराव्हाज्जोबद्दल प्रकाश-छाया, प्रकाश-छाया करतात. पण काळं-पांढरं त्याच्या मागून आलेल्या शेकडो जणांनी केलं आणि बहुतेकांचं काम नाटकी दिसतं. त्याची करामत कडेत आहे: कुठली कड सुरीसारखी ठेवायची आणि कुठली ग्राउंडमध्ये हरवू द्यायची. त्याच्या अनुकरणकर्त्यांच्या चित्रांत सगळ्या कडा सारख्याच ओरडतात.

२७ जुलै

चादर. खालून रंगीत गालिच्याची किनार डोकावते, वर पांढरं कापड. त्या काळी पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा: उबदार, दोरीसारखा ओढला जाणारा, लवकर वाळणारा. आणि विषारी. माझा टिटॅनियम व्हाइट थंड आणि बेमुर्वत आहे. जिथे लागतो तिथे बाकी सगळं झाकून टाकतो. त्यात कणभर ऑकर घालून उबेला आणला. शुद्ध पांढरा अजून एकदाही वापरलेला नाही, तो काचेच्या चमकेसाठी राखलाय.

काचेची सुरई. तिच्यातून आरपार गेलेला उजेड चादरीवर, सुरईच्या स्वतःच्या सावलीत, एक उजळ डाग पाडतो. घरी काचेच्या सुरईत पाणी भरून स्पॉटखाली ठेवली तर तो डाग तसाच पडला. भरलेली गोल काच भिंगासारखी उजेड गोळा करते. हे निरीक्षण आहे, ठोकताळा नव्हे. सुरई रंगवायला फार थोडं लागलं: मागची चादर थोडी गडद केली, कडेला एक गडद रेघ, एक चमक, आणि तो डाग. डाग पुसून पाहिला तर सुरई कागदी झाली.

४ ऑगस्ट

फळांची टोपली. टेबलाच्या पुढच्या काठावरून निम्मी बाहेर, आता पडेल अशी. समोरची बाजू रिकामी ठेवली आहे, आपल्यासाठी; टोपली आपल्याच अंगावर कलते आणि हात पुढे करावासा वाटतो. कोपर, पंजा आणि टोपली ही तिन्ही चित्राची चौकट ओलांडून आपल्याकडे येतात.

बेल्लोरीची आणखी एक तक्रार: द्राक्षं, अंजिरं, डाळिंबं ही त्या ऋतूतली फळं नव्हेत. बरोबरच आहे, प्रसंग पुनरुत्थानाच्या दिवसाचा, म्हणजे वसंतातला. द्राक्षाचा वाइनशी आणि डाळिंबाचा पुनरुत्थानाशी जोडलेला अर्थ जुना आहे, त्यामुळे चित्रकाराने ऋतूची पर्वा केली नसेल. टोपलीच्या सावलीचा आकार माशाच्या शेपटीसारखा दिसतो असंही म्हणतात, मासा हे ख्रिस्ती लोकांचं प्राचीन चिन्ह. सावली रंगवताना मलाही शेपटी दिसली, पण एकदा कुणी सांगितल्यावर न दिसणं कठीणच.

त्याचे आश्रयदाते विन्चेंझो जुस्तिनियानी यांनी एका पत्रात त्याचं म्हणणं नोंदवलंय: फुलांचं चांगलं चित्र काढायला माणसांच्या चित्राएवढीच कारागिरी लागते. ज्या काळात धार्मिक प्रसंग सर्वांत वरच्या पायरीवर आणि फळं-फुलं तळाशी, त्या काळात हे बोलणं उद्धटपणाचं होतं. इथे तर त्याने तळाची पायरी थेट पुनरुत्थित ख्रिस्तासमोर ठेवली, आणि डागाळलेल्या सफरचंदासकट. मिलानच्या आंब्रोसिआना संग्रहात त्याची एकटी फळांची टोपली आहे. तीही अशीच काठावर पुढे आलेली.

द्राक्षाचा प्रत्येक मणी वेगळा रंगवायचा मोह झाला. दोन मणी नीट केले, बाकीचे त्यांच्या भरवशावर सोडले.

१६ ऑगस्ट

ख्रिस्ताचा तांबडा झगा. त्या काळची रीत: खाली अपारदर्शक हिंगुळ, वाळल्यावर वर लाखेसारख्या पारदर्शक तांबड्याचा पातळ थर, म्हणजे ग्लेझ. माझ्याकडे कॅडमियम रेड आणि वर अ‍ॅलिझरिन. खालचा थर पावसामुळे वाळता वाळेना, त्यामुळे मध्ये दुसरीच कामं उरकली. ग्लेझ चढल्यावर तांबडा आतून पेटला. एका थरात हा रंग मिळत नाही.

चेहरा. दाढी नाही, गोल, तरुण. बेल्लोरीला हेही रुचलं नव्हतं. मार्कच्या शुभवर्तमानात (१६:१२) येशू दोघांना वेगळ्या रूपात दिसला असं येतं, आणि शिष्यांनी वाटभर ओळखलं नाही याचं कारणही त्यातून मिळतं. तंत्राच्या बाजूने बघितलं तर हा चित्रातला सगळ्यात मऊ चेहरा आहे. खाली वळलेल्या पापण्या, गालावरची मध्यछटा अगदी सावकाश वळणारी. शिष्य धारदार, तो मऊ. बाकी खोलीत आवाज चाललाय आणि त्याच्यापाशी नाही, आणि हे सांगायला चेहऱ्यावर कुठलाही भाव आणावा लागला नाही. आशीर्वादाचा उजवा हात मात्र टेबलावरून थेट पुढे येतो, पुन्हा तेच पट्ट्यांचं फोरशॉर्टनिंग.

चेहऱ्याला मी मऊ सेबल ब्रश वापरला, बाकी सगळं राठ हॉग-हेअर.

३० ऑगस्ट

मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातलं याच प्रसंगाचं चित्र शेजारी उघडलं. १६०६ चं. मधल्या काळात काय काय झालं: हे पहिलं चित्र चिरिआको मात्तेईने करवून घेतलं होतं, १६०२ च्या जानेवारीत १५० स्कुदी (तेव्हाची नाणी) दिल्याची नोंद आहे. तेव्हा कॅराव्हाज्जो रोममधला मागणी असलेला चित्रकार. मे १६०६ मध्ये मारामारीत त्याच्या हातून रानुच्चो तोमास्सोनी मेला आणि त्याला रोम सोडून पळावं लागलं. कोलोन्ना घराण्याच्या जहागिरीत लपलेला असताना दुसरं अम्माऊस झालं.

तिथे फळं नाहीत, तोल जाणारी टोपली नाही, अंगावर येणारे हात नाहीत. ख्रिस्ताला दाढी आहे, वय आहे. खाणावळवाल्याशेजारी एक वृद्ध बाई उभी. टेबलावर भाकर आणि थोडकी भांडी. रंग पातळ, ग्राउंड अधिक उघडं, कडा बहुतेक सगळ्याच विरलेल्या. पुष्कळ जण ते जास्त खोल मानतात. असेल. पण त्याला ते विरघळवणं जमलं कारण आधी त्याने धार काय असते ते पूर्ण वापरून पाहिलं होतं, आणि शिकणाऱ्याने १६०१ चंच आधी करावं, या मतावर मी अजून आहे.

८ सप्टेंबर

उरलेलं: खाणावळवाल्याची टोपी, गुंडाळलेल्या बाह्या, कोंबडी, पाव. पावाचं कवच कोरड्या ब्रशने. कोंबडी काकांना दाखवली तर म्हणाले, “ही नीट भाजलेली नाही.” मूळातही नाहीये.

मग शेवटची फेरी कडांची. झग्याची बाही आणि सावली यांच्यामध्ये पहिल्या दिवसाच्या तपकिरीची बारीक पट्टी उघडी राहिली होती, ती तशीच ठेवली. झाकली की बाही कापून चिकटवल्यासारखी होते. उजव्या शिष्याच्या लांबच्या पंजाची एक कड आणखी बुजवली. डाव्या कोपराचा पांढरा ठिपका एकदा अधिक जाड रंगाने उचलला, आणि राखून ठेवलेला शुद्ध पांढरा सुरईवर लावला.

व्हार्निश पुढच्या मार्चनंतर, तेल आतपर्यंत वाळल्यावर. तोवर भिंतीकडे तोंड करून नाही, उजेडातच ठेवायचं. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. ब्रेराच्या चित्रासाठी याच मापाचा कॅनव्हास ताणायला दिलाय. त्याला ग्राउंड एक छटा गडद.